तोरणाचा नमुना विकण्याआधी

गेली काही वर्षे मी सोलापुरात क्रोशाची तोरणे, ताटावरचे रुमाल आणि बाळांच्या टोप्या ऑर्डरप्रमाणे विणून देते आणि अलीकडे त्यांचे लिखित नमुनेही, म्हणजे विणायच्या ओळीवार सूचना, पीडीएफ करून ऑनलाइन विकते. तयार तोरण विकणे आणि तोरणाचा नमुना विकणे हे दोन निराळे व्यवसाय आहेत, हे मला पहिल्याच नमुन्याच्या वेळी कळून चुकले. तोरणात चूक झाली तर ते उसवून नीट करता येते. नमुन्यातली चूक मात्र तो विकत घेणाऱ्या प्रत्येकीच्या हातून नव्याने विणली जाते. आमच्या पूर्व भागात जेकार्ड मागावर चादरी विणणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही, कारण छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यावर एक छिद्र चुकले तर तो दोष त्या मागावरून उतरणाऱ्या प्रत्येक चादरीत, नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात उमटतो.

माझा पहिला नमुना तोरणाचाच होता. माझ्या दारासाठी 171 साखळ्या (विणकामाच्या पायाचे टाके) घातल्या होत्या, म्हणजे 8 साखळ्यांची 21 आवर्तने आणि शेवटची बाजू पहिल्या बाजूसारखी दिसावी म्हणून वरच्या 3. नमुन्यात मी 171 हा आकडा दिला आणि खाली सहज एक ओळ जोडली की, दार रुंद असल्यास साखळ्या 8 च्या पटीत घ्याव्यात. त्या 3 साखळ्या माझ्या हाताला पाठ होत्या, त्यामुळे त्या लिहायच्या राहून गेल्या. नागपूरच्या एका ताईंनी त्यांच्या दाराच्या मापाने 192 साखळ्या घातल्या, दोन ओळी विणल्या आणि मग कळवले की शेवटी 5 साखळ्या उरतात, त्यांचे काय करायचे? त्यांना सगळे उसवावे लागले. मी पैसे परत केले, पण वाया गेलेल्या दोन संध्याकाळींची भरपाई कशी करणार?

तो नमुना मी चाचणीशिवाय विकला होता, असे म्हणता येणार नाही. माझ्या आईने आणि मावसबहिणीने तो विणून पाहिला होता आणि खरी गफलत तिथेच झाली. दोघींनी माझ्या शेजारी बसून विणायला सुरुवात केली, जिथे अडले तिथे मला विचारले आणि जिथे नमुन्यात काही सुटले होते तिथे स्वतःच्या अनुभवाने ते भरून काढले. अशी माणसे जवळ असली की नमुना उत्तम आहे असाच समज होतो. चाचणी करणारी व्यक्ती आपला हात न ओळखणारी असावी आणि तिने कागदावर आहे तेवढेच करावे. माझ्या आताच्या चाचणीकरांपैकी सर्वांत उपयोगी शेजारीण तेलुगू मातृभाषेची आहे. ती मराठी सावकाश, प्रत्येक शब्दावर थांबून वाचते. ‘मागच्या ओळीप्रमाणे विणा’ या वाक्यावर तिने विचारले, ‘ताई, मागची म्हणजे आत्ता संपलेली, की त्याच्या आधीची?’ तेव्हापासून मी ओळीचा क्रमांकच लिहिते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात टाक्यांची एकूण संख्या देते. गोल विणताना मुक्या खांबांनी (बुटक्या टाक्यांनी) 6 टाक्यांपासून सुरुवात केली आणि प्रत्येक फेरीत 6 वाढवले, तर फेऱ्या 6, 12, 18, 24 अशा जातात. हे आकडे समोर असले की विणणारीला चूक त्याच फेरीत सापडते, दहाव्या फेरीत नाही.

परदेशी ग्राहकांसाठी इंग्रजी आवृत्ती काढायची असेल तर अमेरिकी की ब्रिटिश, कोणती परिभाषा वापरली आहे, हे पहिल्या पानावर ठळक लिहावे. आपला मुका खांब अमेरिकेत सिंगल क्रोशे असतो आणि ब्रिटनमध्ये त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. शिवाय अमेरिकेतला डबल क्रोशे म्हणजे आपला साधा खांब, मुक्या खांबाहून उंच टाका. नाव तेच आणि टाका निराळा, त्यामुळे वाचणारीला शंकासुद्धा येत नाही आणि वस्तू भलत्याच उंचीची होते.

मापाची चाचणी नवख्या मुली टाळतात, कारण 10 सेंटिमीटरचा चौकोन विणून मोजणे कंटाळवाणे असते. माझ्या हाताने 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके बसतात, म्हणून 80 टाक्यांची टोपी 40 सेंटिमीटर घेराची होते. ज्या चाचणीकरणीच्या हाताने 18 टाके बसले, तिची तीच टोपी साडेचव्वेचाळीसच्या आसपास गेली आणि बाळाच्या डोळ्यांवर उतरू लागली. सुई कितीची, हे सांगणे पुरेसे नाही. चौकोन किती टाक्यांचा यायला हवा आणि जास्त-कमी आल्यास सुई लहान घ्यावी की मोठी, हेही लिहावे लागते. (मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 च्या पुढे गेला की घामाने दोरा सुईला चिकटतो आणि माझा हात घट्ट होतो, म्हणून मी स्वतःचे मोजमाप उन्हाळ्यात घेत नाही.)

दोऱ्याचा अंदाज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून घ्यावा. एका तोरणाला मला 118 ग्रॅम लागले, चाचणीकरणींना 112, 124 आणि 131. नमुन्यात मी माझा आकडा न देता सर्वांत मोठ्या आकड्यावर दहा टक्के धरून 145 ग्रॅम लिहिले, कारण शेवटची झालर राहिली असताना दोरा संपला आणि त्या छटेची गुंडी नव्या पेठेत मिळेनाशी झाली, तर राग नमुन्यावरच निघतो.

चाचणीकरांना पैसे देण्याची रीत सहसा नाही. तयार झालेला नमुना मोफत देतात. मला ते अपुरे वाटते, म्हणून निदान दोरा मी माझ्या खर्चाने पाठवते. मुदत, फोटो वापरण्याची परवानगी आणि पीडीएफ पुढे न पाठवण्याची अट या गोष्टी आधीच लिहून कळवाव्यात. तोरणासाठी मी तीन आठवडे देते, दिवाळीच्या तोंडावर चाचणी ठेवत नाही, आणि चौघींना सांगितले तर तिघींकडूनच उत्तर येईल असे धरून चालते. दुरुस्तीनंतर पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख घालते आणि आधी घेतलेल्यांना नवी प्रत आपणहून पाठवते.

नागपूरच्या त्या ताईंनाही दुरुस्त प्रत पाठवली होती. त्यांनी 195 साखळ्यांवर तोरण पूर्ण केले आणि रुंद दारांच्या मापांची चाचणी आता त्याच करून देतात.