सुट्टीत कारागिराकडे दहा दिवसांची उमेदवारी कशी मिळवावी

दहावीच्या परीक्षेनंतर निकालापर्यंत मोकळे दिवस असतात. सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी, तासगावकडचं बेदाण्याचं शेड, मिरजेतलं सतारीचं दुकान, यांतलं एकच ठिकाण निवडा, सायकलने रोज जाता येईल असं. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामाला लावायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा फाउंड्री आणि प्रेस मशीन यादीतून काढा. पालकांची संमती चिठ्ठीवर घ्या.

खरी अडचण विचारताना येते. "काका, मला तुमचं काम शिकायचंय" असं म्हणालात, की "बघू पुढे" हे उत्तर ठरलेलं. कारागिराला त्यात वर्षभराचं ओझं ऐकू येतं. सर्टिफिकेटचा विषय तर काढूच नका. मुलगा कागदासाठी आलाय हे लगेच कळतं. फोन करू नका. दुकान उघडतानाची आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांची वेळ टाळा, दुपारी तीनच्या सुमारास जा. वडिलांना बरोबर नेऊ नका. ते असले की बोलणं त्यांच्याशीच होतं, तुम्ही भिंतीला टेकून उभे राहता.

आधी एक बारीक प्रश्न तयार ठेवा. उदाहरणार्थ, सतारीच्या दुकानात जाणार असाल तर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून घोडी घासून जुळवण्याचं काम. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. घोडीचा माथा किंचित उतरता घासतात, तार चढवून छेडतात, ऐकतात, पुन्हा उतरवून घासतात. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत आवाज खुलतो ती जागा शोधतात. हे वाचून गेलात तर असं विचारता येतं: "घोडी आता पुरे घासली हे कानाला कसं कळतं? दहा दिवस, रोज दुपारी दोन तास, कोपऱ्यात बसून बघितलं तर चालेल का?" किती दिवस, किती वेळ, कुठे बसणार, हे तिन्ही सांगितलं की समोरच्याला 'हो' म्हणणं सोपं जातं. नकार आला तर हुज्जत नको. "मग कुणाकडे जाऊ?" एवढंच विचारा आणि मिळालेलं नाव घेऊन पुढच्या दारात जा.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इतक्या तोडीचं काम सायकलच्या अंतरावर असताना सुट्टी नुसत्या क्लासला देणं मला पटत नाही.

आत गेल्यावर कानस मागू नका. जास्त घासलेली घोडी परत भरता येत नाही, गिऱ्हाइकाचं वाद्य बिघडतं. हात चालवायचाच असेल तर टाकून दिलेली जुनी घोडी मागा. पहिले दोन-तीन दिवस झाडलोट आणि हत्यारं हातात देणं एवढंच मिळेल. ते मनापासून करा, हत्यारांची नावं तिथेच पाठ होतात. फोटो विचारूनच काढा.

रोज घरी आल्यावर वहीत पाच ओळी: काय झालं, कुठलं हत्यार वापरलं, काय कळलं नाही. न कळलेलं दुसऱ्या दिवशी काम थांबलेलं असताना विचारा. जवारी चालू असताना तोंड उघडू नका, त्यांचं ऐकण्यातलं लक्ष तुटतं.

शेवटच्या दिवशी वही त्यांच्यापुढे ठेवा आणि चुकलेलं पेन्सिलीने दुरुस्त करून मागा. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा येऊ का, हेही तेव्हाच विचारून घ्या.