कादंबरीवरून सिनेमा करताय? या चुका टाळा

कादंबरीवर सिनेमा करायचं ठरलं की पहिली बैठक फार गोड होते. सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं असतं, प्रत्येकाचा एक लाडका प्रसंग असतो आणि "तो तर हवाच" असं जो तो म्हणत असतो. "हे नको" असं त्या बैठकीत कुणीच म्हणत नाही. पुढची बहुतेक दुखणी तिथेच सुरू होतात. काय सोडायचं हे तुम्ही टेबलावर ठरवलं नाही, तर नंतर ते एडिटर ठरवतो, निर्माता ठरवतो, नाहीतर पाऊस ठरवतो.

हॉलिवूडचा दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइमने 'मॅकटीग' ही कादंबरी जवळपास पानोपान चित्रित केली. 'ग्रीड' नावाच्या त्या सिनेमाचा पहिला कट ४२ रिळांचा होता, आठ तासांहून मोठा. स्टुडिओने १९२४ मध्ये तो १० रिळांवर आणून प्रदर्शित केला. कापलेली फिल्म नष्ट झाली, ती आता कुणालाच बघता येत नाही. पुस्तकातलं काहीही सोडायचं नाही म्हणून बसलेल्या माणसाचं तीन चतुर्थांश काम शेवटी कात्रीखाली गेलं.

सगळं थोडं थोडं घेणं

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दोन तासांच्या सिनेमाला १२० पानं मिळतात, तीही ऐसपैस मांडणीची. चारशे पानांची कादंबरी त्यात कोंबायला गेलात की प्रत्येक प्रसंग उभ्याउभ्या आलेल्या पाहुण्यासारखा येतो आणि जातो. हा आजार पहिल्याच ड्राफ्टमध्ये ओळखता येतो. दीड पानाच्या वरचा एकही सीन नसतो, आणि नव्या पात्रांची ओळख साठाव्या पानापर्यंत चालूच असते.

यावर सगळे सीन थोडे थोडे बारीक करणं हा उपाय नाही. त्याने फक्त सगळेच सीन अशक्त होतात. अख्खा धागा उचलून बाजूला ठेवावा लागतो. दिग्दर्शक कपोलाने माफियाप्रमुख व्हिटोच्या तरुणपणाची पूर्ण गोष्ट १९७२ च्या 'गॉडफादर'मधून वगळली. कादंबरीतला तो ऐवज वाया गेला नाही. १९७४ च्या दुसऱ्या भागाचा अर्धा डोलारा त्यावरच उभा आहे.

पहिल्या 'गॉडफादर'साठी कपोलाने केलेली वही पटकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. पुस्तकाची पानं सुटी करून त्याने मोठ्या कागदांवर चिकटवली आणि भोवतीच्या समासात टिपणं केली. प्रत्येक प्रसंगाला पाच मथळे: सारांश, काळ, प्रतिमा आणि सूर, गाभा, धोके. सेटवर आपण पटकथेपेक्षा या वहीवरूनच काम केलं, असं त्याने स्वतः सांगितलंय. मला त्यातला पाचवा मथळा सगळ्यात मोलाचा वाटतो. हा सीन फसलाच तर कशामुळे फसेल, हे शूटिंगच्या कितीतरी आधी, डोकं शांत असताना लिहून ठेवायचं. एवढी जाड वही जमणार नसेल तर निदान 'गाभा' तरी एका ओळीत लिहून बघा. ती ओळ सुचली नाही तर सीन काढा, मग तो निर्मात्याच्या बायकोचा लाडका असला तरी.

मनातलं तोंडात घालणं

कादंबरीकार पात्राच्या डोक्यात शिरून दहा पानं आरामात राहू शकतो. कॅमेरा बाहेरच उभा असतो. मग घाईत एक पळवाट सापडते. पात्र आपल्या मनातलं मित्राला सांगतं, मित्र नसेल तर आरशाला, आरसा नसेल तर व्हॉइसओव्हर. एकदा आवाज बंद करून सीन डोळ्यांसमोर आणा. दोन माणसं समोरासमोर बसून ओठ हलवतायत, एवढंच दिसत असेल तर तो सीन अजून पुस्तकातच आहे.

व्हॉइसओव्हर मुळात वाईट नाही. ठिगळ म्हणून लावलेला व्हॉइसओव्हर वाईट. 'ब्लेड रनर' १९८२ मध्ये आला तेव्हा प्रेक्षकांना कळावं म्हणून नायकाचं निवेदन वरून चढवलं होतं. १९९२ च्या आवृत्तीत ते काढून टाकलं, आणि सिनेमाचं काहीच अडलं नाही.

मग मनातलं दाखवायचं कसं? कधी एखाद्या कृतीने, कधी एखाद्या वस्तूने, कधी एका माणसाच्या नजरेतून. 'सिंहासन' (१९७९) घ्या. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या, सत्तेच्या खेळातली ढीगभर माणसं, आणि पटकथा एकच, विजय तेंडुलकरांची. त्या गर्दीतून दिगू टिपणीस हा पत्रकार फिरतो, ऐकतो, बघतो. दिगू झालेल्या निळू फुल्यांचा चेहरा बघता बघता आपल्याला जे कळतं, ते वाक्यात लिहायला गेलं असतं तर भाषण झालं असतं.

"नावं बदलली की झालं"

नाही होत. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू'ने (१९२२) ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीची गोष्ट हक्क न घेता उचलली आणि पात्रांची नावं बदलली. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला. निर्मिती कंपनीचं दिवाळं निघालं आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रिंट नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रिंट वाचल्या म्हणून आज तो सिनेमा आपल्याला बघता येतो. तेव्हा आधी हक्क, मग पटकथा. ते प्रकाशकाकडे आहेत, लेखकाकडे की वारसांकडे, हे कागदावर बघा. वारस चार असतील तर सह्याही चार लागतात. आणि ठरावीक मुदतीसाठी हक्क घेतले असतील तर ती तारीख भिंतीवर लावा. तिसऱ्या ड्राफ्टवर काम चालू असताना मुदत संपली, यासारखं हसं नाही.

ऋतू आणि वय गृहीत धरणं

"तीन वर्षं गेली" हे लिहायला कादंबरीकाराला एक ओळ पुरते. शूटिंगमध्ये याच ओळीवर शेड्यूल कोसळतं. 'पथेर पांचाली'साठी सत्यजित राय यांनी काशफुलांच्या रानात एक दिवस शूटिंग केलं. आठवड्याने युनिट परत गेलं तर गुरांनी सगळी फुलं फस्त केलेली. उरलेलं चित्रीकरण पुढच्या मोसमावर गेलं. पैसे संपत राहिल्यामुळे काम एकूण तीन वर्षं रेंगाळलं. छोट्या अपूचा आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा मोठी झाली नाही आणि घरातली म्हातारी इंदिर ठाकरुण करणाऱ्या वृद्ध चुनीबाला देवी हयात राहिल्या, हे चमत्कारच, असं राय पुढे म्हणत. चमत्काराच्या भरवशावर शेड्यूल लावू नका. मुलांचे सीन आधी उरका. फुलं, पीक, पूर यांतलं काही असेल तर ते एकाच फेरीत संपवा.

कादंबरीत इंदिर ठाकरुण लवकर जाते. राय यांनी तिला बराच काळ ठेवलं. दिग्दर्शकाने पुस्तकात केलेला असा बदल उपराही वाटत नाही आणि सिनेमाही सावरतो. बदल करू नका, असं माझं म्हणणं मुळीच नाही.

लेखकाला फक्त मुहूर्ताला बोलावणं

आर. के. नारायण यांनी आपल्या 'गाइड' कादंबरीवर सिनेमा करणाऱ्या मंडळींना म्हैसूरच्या आसपासच्या जागा हौसेने दाखवल्या, कारण त्यांचं मालगुडी हे काल्पनिक गाव तिथलंच होतं. शूटिंग झालं राजस्थानात. नारायण यांनी पुढे 'मिसगाइडेड गाइड' या लेखात सगळी चीड काढली. १९६५ चा हिंदी सिनेमा गाजला तरी ती चीड गेली नाही. कादंबरीचा शेवट पाऊस आला की नाही हे अधांतरी सोडतो, सिनेमात तो धो धो कोसळतो. दोन्ही शेवट आपापल्या जागी ठीक आहेत असं मला वाटतं. मात्र आपण कुठला शेवट घेणार, हे लेखकाला थिएटरात कळू नये.

लेखकाकडे सगळी उत्तरं असतात, असंही समजू नका. 'द बिग स्लीप'च्या (१९४६) वेळी पटकथेत एक गाठ सुटेना: शोफरला मारलं कुणी? दिग्दर्शक हॉक्सने थेट मूळ कादंबरीच्या लेखकाला, रेमंड चँडलरला तार केली. मलाही माहीत नाही, असं चँडलरचं उत्तर आलं. सिनेमातही तो खून तसाच राहिलाय.