नॉमिनी नेमला म्हणजे झालं? बँक खात्यांबाबत या चुका टाळा

पुण्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांची आर्थिक मांडणी सारखीच असते. पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेत, चार-पाच एफडी सहकारी बँकेत, थोडी ठेव घराजवळच्या पतसंस्थेत आणि मुलं परदेशात. कागद नीट फाइलला लावलेले असतात. तरीही माणूस गेल्यावर घरच्यांना शिवाजीनगर न्यायालयात खेपा घालाव्या लागतात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: नॉमिनेशन, खात्यावरची सूचना (खातं कोणी चालवायचं याची) आणि मृत्युपत्र या तिन्हींचा एकमेकांशी मेळ नसतो.

नॉमिनीला मालक समजणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. बँक नॉमिनीच्या हाती रक्कम देते आणि मोकळी होते. पैसे कोणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं आणि ते नसेल तर वारसा कायदा. सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबाबत हे २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे.

समजा, कोथरूडमधले एक गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले. २० लाखांच्या ठेवी, नॉमिनी पत्नी. घरात पत्नी, मुलगा, मुलगी आणि ऐंशी ओलांडलेली आई. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांचा वाटा सारखा, प्रत्येकी ५ लाख. आईचा वाटा लोक हमखास विसरतात. पुढे त्याही मृत्युपत्राविना गेल्या, तर त्यांच्या वाट्यात दीर-नणंदांचाही हक्क येतो. पत्नीला मात्र वाटत असतं की नॉमिनी मी, म्हणजे सगळं माझंच.

मूलबाळ नसलेल्या विधवेची गोष्ट याहून कठीण. तिने नोकरी करून साठवलेले पैसे मृत्युपत्राअभावी आधी पतीच्या वारसांकडे जातात. आईवडिलांचा नंबर त्यानंतर. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा आज तसा आहे. म्हणून अशा प्रत्येक बाईने मृत्युपत्र करावंच.

त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनी तुमच्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला पैसे मिळणार आहेत त्यालाच साक्षीदार करू नका. आणि नुसते एफडीचे नंबर लिहून थांबू नका. रिन्यू करताना नंबर बदलू शकतो आणि मग ती ठेव मृत्युपत्रात आहे की नाही यावर वाद होतो. ‘माझ्या नावावरील सर्व बँकांमधील सर्व ठेवी’ हे वाक्य आधी हवं, यादी त्यानंतर.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, एकत्र टक्केवारीने किंवा एकामागोमाग एक. टक्केवारी द्याल तर बेरीज १०० झाली पाहिजे. लॉकरला मात्र फक्त एकामागोमाग एक हीच पद्धत चालते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमांत येत नाही, तिथे वेगळी चौकशी करा. पासबुक किंवा ठेवपावतीवर नॉमिनेशन नोंदवल्याचा उल्लेख छापलेला आहे का, हे आजच बघा. नसेल तर काउंटरवर पोच मागा.

खातं दोघांच्या नावावर आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ अशी सूचना आहे का ते तपासा. असली तरी एक खाच राहते. मुदतीआधी एफडी मोडायची असेल, तर हयात जोडीदाराला तशी मुभा दोघांच्या सहीने आधीच दिलेली असावी लागते. नाहीतर गेलेल्या व्यक्तीच्या सगळ्या वारसांची संमती मागितली जाते. हॉस्पिटलचं बिल समोर असताना टोरांटोतल्या मुलाची सही कुठून आणणार?

वडील गेल्यावर त्यांच्या एटीएम कार्डाने पैसे काढणं अनेक घरांत सर्रास चालतं. ते करू नका. पिन माहीत असला तरी तो अधिकार वडिलांबरोबर संपतो आणि इतर वारसांनी तक्रार केली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. मृत्यूचा दाखला देऊन रीतसर दावा करा. त्यासाठी एफडी मुदतीआधी मोडली तर दंड लागत नाही.

ट्रस्टबद्दल पुण्यात बराच गोंधळ आहे. कुटुंबासाठीचा खासगी ट्रस्ट १८८२ च्या कायद्याखाली येतो. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे जायचं नसतं, ते सार्वजनिक ट्रस्टसाठी. साध्या घराला मृत्युपत्र पुरतं. ट्रस्ट खरा उपयोगी पडतो तो मतिमंद किंवा स्वमग्न मुलासाठी, ज्याला पुढे व्यवहार करता येणार नाहीत. इथली नेहमीची चूक म्हणजे दस्त होतो, पण पैसे आईवडिलांच्याच खात्यात राहतात. ट्रस्टचं वेगळं पॅन काढून, त्याच्या नावाने खातं उघडून रक्कम तिथे वळवल्याशिवाय तो दस्त रिकामाच. शिवाय मूल १८ वर्षांचं झालं की आईवडिलांचं पालकत्व कायद्याने आपोआप पुढे चालत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमण्याचा अर्ज करावा लागतो, आणि तो दोघेही धडधाकट असतानाच करावा.