सॅटचे कोणते गुण अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवावेत?

अमेरिकेतल्या पदवी प्रवेशासाठीची सॅट ही परीक्षा दोनदा-तीनदा दिलेल्या विद्यार्थ्यापुढे अर्जाच्या दिवसांत एक प्रश्न हमखास उभा राहतो: कोणत्या वेळचे गुण पाठवायचे, आणि मुळात पाठवायचे का? सगळ्या विद्यापीठांना लागू पडेल असे एकच उत्तर याला नाही. त्यामुळे आधी आपल्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाच्या नावापुढे त्याचा यंदाचा नियम लिहून काढावा, आणि मगच गुणपत्रिका हातात घ्यावी.

नियम अलीकडे बरेच बदलले आहेत. कोविडच्या काळात बहुतेक विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची करण्याचे जाहीर केले. याउलट बर्कली, लॉस एंजेलिस यांसह कॅलिफोर्निया विद्यापीठाची सर्व केंद्रे प्रवेशाच्या निर्णयात हे गुण विचारातच घेत नाहीत. तिथे ते पाठवण्यासाठी पैसे खर्च करू नयेत.

कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे ते निवडण्याची मुभा कॉलेज बोर्ड ही सॅट घेणारी संस्था देते, पण निवड संपूर्ण परीक्षेची करावी लागते. मार्चमधले फक्त गणित आणि ऑगस्टमधले फक्त इंग्रजी असे पाठवता येत नाही. शिवाय ही मुभा विद्यापीठाला मान्य असावी लागते. जॉर्जटाउन विद्यापीठ दिलेल्या सर्व परीक्षांचे गुण मागते, आणि तिथे काही लपवणे म्हणजे अर्जातच खोटे बोलणे होय.

सर्वांत जास्त नुकसान होते ते सुपरस्कोअर नीट न समजल्यामुळे. समजा, मार्चमध्ये इंग्रजीत ६८० आणि गणितात ७६०, म्हणजे १४४० गुण मिळाले, आणि ऑगस्टमध्ये दोन्हींत ७३०, म्हणजे १४६०. एकूण गुण जास्त म्हणून फक्त ऑगस्टचे पाठवावेत असे घरात सगळ्यांनाच वाटते. परंतु सुपरस्कोअर करणारे विद्यापीठ प्रत्येक विभागातले सर्वोच्च गुण एकत्र करते, आणि दोन्ही वेळचे गुण पाठवले तर ते ७३० आणि ७६० मिळून १४९० धरते. मार्चचे इंग्रजी कमी दिसेल या संकोचापायी तीस गुण आपण आपल्याच हाताने सोडून देतो. सुपरस्कोअर न करणाऱ्या विद्यापीठाला मात्र, निवडीची मुभा असल्यास, १४६० असलेली परीक्षाच पाठवावी.

परीक्षा ऐच्छिक असेल तिथे विद्यापीठाने जाहीर केलेली मधल्या पन्नास टक्के विद्यार्थ्यांच्या गुणांची कक्षा पाहावी. त्या कक्षेच्या मध्याच्या वर असाल तर गुण निःशंक पाठवावेत. खालच्या टोकाजवळ असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ऐच्छिक परीक्षेच्या काळात प्रामुख्याने चांगले गुण मिळालेलेच विद्यार्थी गुण पाठवतात, त्यामुळे ही कक्षा प्रत्यक्षापेक्षा वर सरकलेली असते. अभियांत्रिकीसाठी अर्ज करणाऱ्याने एकूण गुणांइतकेच गणिताचे गुण तपासावेत.

राज्य मंडळातून बारावी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी, माझ्या मते, गुण पाठवण्याकडेच थोडे अधिक झुकावे. आपला बारावीचा निकाल लागतो तोवर अमेरिकेतले बहुतेक प्रवेशनिर्णय झालेले असतात, आणि लातूरच्या किंवा साताऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात ८५ टक्के मिळवणे किती अवघड आहे, हे तिथल्या प्रवेश अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. सॅटचे गुण मात्र त्याला लगेच वाचता येतात. लहान गावातल्या एखाद्या मुलीने कक्षेपेक्षा वीस-तीस गुण कमी पडले म्हणून चांगले गुण दडवून ठेवले की मला मनापासून वाईट वाटते.

खर्चाबाबतही थोडी सावधगिरी हवी. परीक्षेच्या नोंदणीसोबत चार विद्यापीठांना मोफत गुण पाठवता येतात, पण त्यांची नावे परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत द्यावी लागतात, आणि तेव्हा सहसा निकाल लागलेला नसतो. म्हणून ही सोय सर्व गुण मागणाऱ्या किंवा सुपरस्कोअर करणाऱ्या विद्यापीठांसाठीच वापरावी. बरीच विद्यापीठे अर्जात विद्यार्थ्याने स्वतः भरलेले गुण स्वीकारतात आणि अधिकृत गुणपत्रिका प्रवेश निश्चित झाल्यावरच मागतात. तिथे आधी शुल्क भरण्याची गरज नाही. जिथे अधिकृत गुणच लागतात, तिथे ते पोहोचायला काही दिवस लागतात हे धरून अंतिम तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच पाठवावेत.