उपवासाला ‘हलकं’ म्हणून काय काय खातो आपण? या चुका टाळा

एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्या पणजीच्याही आधीची, तेव्हा नव्या पिढीला बोल लावण्यात अर्थ नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचे पापड नि वेफर्स, मधे दोनदा चहा, रात्री वडे. दुसऱ्या दिवशी पित्त उसळतं, डोकं ठणकतं, पोट साफ होत नाही आणि मग ‘मला उपवास सोसत नाही’ असं ठरवून टाकतात. खरं तर सोसत नाही ते हे ताट. ते बदलायला परदेशी काही आणावं लागत नाही, वाण्याकडच्या उपवासाच्या फळीवर सगळं असतं.

साबुदाण्यावरच दिवस काढणं

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातलं पिष्ट. 100 ग्रॅममध्ये साधारण 350 कॅलरी, त्यातले 85 ग्रॅमच्या वर कर्बोदकं, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत, चोथा नावापुरता. रक्तातली साखर झपकन चढते आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक. खिचडीची जी काही लाज राखली जाते ती दाण्याच्या कुटामुळे.

खायचीच असेल तर एका वेळेलाच खा, कूट सढळ घाला, सोबत वाटीभर दही किंवा काकडीची कोशिंबीर घ्या. तूप मात्र मोजून. खिचडीचा गोळा झाला की मोकळी व्हावी म्हणून वरून तूप सोडत राहायचं, ही घरोघरची सवय. गोळा होतो तो तुपाअभावी नाही, भिजवण्यात चुकतं म्हणून. पाणी नितळ दिसेपर्यंत साबुदाणा धुवा, दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवा आणि चार-पाच तास द्या. दाणा चिमटीत दाबला की आतपर्यंत चिरडला पाहिजे, मधे कडक कणी लागता कामा नये. मग कूट, मीठ, साखर आधीच चोळून घ्या नि मंद आचेवर परता. दोघांच्या खिचडीला दोन चमचे तूप पुरतं.

वड्यांचंही तेच. भिजताना कडक राहिलेला दाणा कढईत फुटतो, तेल उडतं. घाबरून आच कमी केली की वडा तेल पीत बसतो. आप्पेपात्रात थेंब थेंब तेल सोडून केले तर कुरकुरीत होतात आणि निम्म्याहून जास्त तेल वाचतं. कढईतल्या वड्याची सर त्यांना नाही, हे मान्य.

पर्याय चांगला, पण पीठ जुनं

वरईचा भात आणि दाण्याची आमटी हे माझ्या मते उपवासाचं सगळ्यात शहाणं जेवण. वरईत चोथा असतो, दाण्यात प्रथिनं. पण वरईला, म्हणजेच भगरीला, बुरशी पटकन लागते आणि काही बुरशा विष तयार करतात. 2024 च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यात एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो लोकांना विषबाधा झाली होती. त्यात भगर होती. सुटं, उघड्यावरचं भगरीचं पीठ घेऊच नका. अख्खी भगर पाकीटबंद घ्या, तारीख बघा, निवडून-धुवून वापरा. पीठ हवं असेल तर लागेल तेवढंच घरी दळा. पीठ हवेतली ओल धरतं, म्हणून मागच्या महाशिवरात्रीचं उरलेलं पीठ नवरात्रात काढू नका. वास किंवा चव कडवट लागली तर सरळ फेकून द्या.

राजगिऱ्याकडे मात्र आपण उगाच दुर्लक्ष करतो. 100 ग्रॅममध्ये 13-14 ग्रॅम प्रथिनं, शिवाय कॅल्शियम आणि लोह. राजगिऱ्याच्या पिठात उकडलेला बटाटा, किसलेली काकडी, जिरं, मिरची घालून थालीपीठ लावा. पीठ चिकट नसल्यामुळे थापताना तुटतं, बटाटा त्यासाठीच. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटवा.

छोट्या पण नडणाऱ्या

सैंधव मीठ बीपीला चालतं, हा गोड गैरसमज आहे. तेही सोडियम क्लोराइडच, आणि बहुतेक वेळा आयोडीन नसलेलं. वेफर्स नि फराळी चिवड्यात ते भरपूर असतं, तेलासकट. त्याऐवजी मूठभर भाजलेले दाणे किंवा मखाणे घ्या. दाणेही मूठभरच, कारण त्यांचं निम्मं वजन तेलाचं असतं.

फळांचा रस गाळून प्यायलात तर चोथा गाळणीत राहतो. फळ चावून खा. साखरेच्या जागी गूळ घातला म्हणून रताळ्याचा कीस पथ्याचा होत नाही, कॅलरी जवळपास तेवढ्याच. रिकाम्या पोटी चहावर चहा ढोसण्यापेक्षा ताक प्या, पित्ताची अर्धी तक्रार तिथेच कमी होते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. डोस तोच आणि जेवण बंद, असं झालं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हातपाय थरथरले, घाम फुटला, गरगरलं, तर लगेच साखर तोंडात टाका. तेव्हा उपवास मोडला की राहिला, याचा विचार करत बसू नका.