गाडीतील नेव्हिगेशनचा नकाशा अद्ययावत ठेवणे: कशासाठी पैसे मोजावेत, कशासाठी नाही

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांनी मी दारव्ह्याहून निघून कारंजा लाडच्या इंटरचेंजवरून प्रथमच त्या रस्त्याला लागलो. गाडीच्या पडद्यावर रस्ता नव्हताच. रिकाम्या जागेतून एक निळा बाण सरकत होता, जणू गाडी कोणाच्या तरी तुरीच्या वावरातून चालली आहे, आणि आतला आवाज दर थोड्या वेळाने मागे वळण्याची सूचना देत होता. ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या आणि मध्ये कोठेही वळण्याची सोय नसलेल्या रस्त्यावर अशी सूचना एखाद्या नवख्या चालकाने ऐकली तर काय होईल, या विचाराने मी तो आवाज बंद केला आणि घरी परतल्यावर नकाशा अद्ययावत करण्याची माहिती काढू लागलो.

सर्वांत आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पैशांचा सारा हिशेब तिच्यावर उभा आहे. त्या दिवशी बाण चुकला नव्हता, तो अगदी जागेवर होता. जुना झाला होता तो त्याच्याखालचा नकाशा. गाडी कोठे आहे हे यंत्राला उपग्रहांकडून कळते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात, त्यांपैकी किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की जागा निश्चित होते, आणि यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि एक पैसाही द्यावा लागत नाही. म्हणून कोणी "जीपीएसचे वार्षिक शुल्क" मागितले, तर ते नक्की कशाचे शुल्क आहे हे आधी विचारावे. आपण पैसे देतो ते नकाशासाठी, म्हणजे कोणीतरी रस्ते मोजून, नावे लिहून तयार केलेल्या माहितीसाठी.

यानंतर आपल्याकडील नकाशा कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. गाडीच्या पडद्यातच बसवलेला नकाशा, काचेला चिकटवायचे स्वतंत्र यंत्र आणि मोबाइलमधील नकाशा, या तिन्हींचे खर्चाचे नियम निरनिराळे आहेत. अनेकांच्या गाडीत पडदा असतो, पण त्यात स्वतःचा नकाशा नसतोच. केबल जोडल्यावर अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्लेमधून मोबाइलचाच नकाशा तेथे दिसतो. तसे असल्यास अद्ययावतीकरणासाठी कोणालाही काही देऊ नये, मोबाइलमधील ॲप अद्ययावत ठेवले की काम झाले. ओळखण्याची खूण सोपी आहे: मोबाइल घरी ठेवून गाडी सुरू करावी आणि पडद्यावर नकाशा उघडतो का ते पाहावे.

नकाशा गाडीतच असेल, तर पडद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन यंत्रणेची माहिती उघडावी. तेथे साधारणतः दोन आकडे असतात, एक सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आणि दुसरा नकाशाच्या आवृत्तीचा. दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण सेवा केंद्रात विचारपूस करताना हाच पुरावा उपयोगी पडतो. सॉफ्टवेअर आणि नकाशा या वेगळ्या वस्तू आहेत आणि सॉफ्टवेअरकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. जीपीएसच्या संकेतात आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंतच जाते आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होते. ६ एप्रिल २०१९ रोजी ती अशी उलटली, तेव्हा जगभरातील काही जुन्या यंत्रांवर चुकीच्या तारखा दिसू लागल्या. अशा यंत्रात नवा नकाशा विकत घेऊन टाकला तरी तारीख सुधारत नाही, त्यासाठी सॉफ्टवेअरच बदलावे लागते, आणि ते जर उत्पादकाने देणे बंद केले असेल, तर त्या यंत्रावर आणखी खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खर्चाची बाजू. माझ्या गाडीसाठी सेवा केंद्रात मला करासह सात हजारांच्या जवळपासची रक्कम सांगण्यात आली आणि मी ती दिलीही. नंतर कळले की माझ्या गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तोच नकाशा पेनड्राइव्हवर उतरवून घरी टाकता आला असता आणि गाडी घेतल्यापासूनच्या ठरावीक मुदतीत तर तो विनामूल्यच होता. ही मुदत माझ्या हातून नुकतीच निघून गेली होती आणि त्याआधी दोन वेळा सर्व्हिसिंगला गाडी नेऊनही मला कोणी त्याविषयी सांगितले नव्हते. त्याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून गाडी नवी असेल तर खरेदीच्या कागदपत्रांत नकाशाचे विनामूल्य अद्ययावतीकरण किती वर्षे आहे ते शोधून तारीख घरातील कॅलेंडरवर लिहावी. पैसे देण्यापूर्वी सेवा केंद्राला चार गोष्टी विचाराव्यात: ही रक्कम एका वेळची आहे की वर्षाची, तिच्यात मजुरी धरली आहे का, हे काम मला घरी करता येते का, आणि नव्या नकाशाच्या आवृत्तीचा आकडा कोणता. हा आकडा आपल्या फोटोतील आकड्याशी ताडून पाहावा.

स्वतंत्र यंत्र असेल तर खोक्यावरील अक्षरेही वाचावीत. गार्मिनच्या अनेक यंत्रांच्या नावापुढे एलएम किंवा एलएमटी अशी अक्षरे असतात; त्यांचा अर्थ त्या यंत्राच्या उपयुक्त आयुष्यभर नकाशे विनामूल्य मिळतात. ते घेण्यासाठी संगणकावर गार्मिन एक्स्प्रेस हा प्रोग्रॅम घालून यंत्र यूएसबी केबलने जोडावे लागते. बाजारात जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ही अक्षरे नसलेले यंत्र घेताना नकाशाची किंमतही त्यात धरावी, कारण कधी कधी नकाशाच यंत्रापेक्षा महाग पडतो.

घरी नकाशा टाकण्याचे काम अवघड नाही, मात्र घाईचेही नाही. फाइल काही जीबीची असते, त्यामुळे वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात ती रात्री लावून झोपण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या जोडणीवर उतरवून आणलेली बरी. पेनड्राइव्ह नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा. आठवडी बाजारात मिळणारे काही पेनड्राइव्ह ६४ जीबी लिहिलेले असतात आणि आत तेवढी जागा नसते, मग निम्म्यावर आल्यावर फाइल खराब होते. पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट करायचा ते सूचनेत दिलेले असते आणि ते काटेकोर पाळावे, कारण फॅट-३२ पद्धतीत ४ जीबीहून मोठी एकसंध फाइल बसतच नाही. गाडीत टाकताना गाडी मोकळ्या जागेत उभी करावी, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, आणि टक्केवारी शंभरावर पोहोचून पडदा स्वतःहून पुन्हा सुरू होईपर्यंत चावी फिरवू नये. मध्येच वीजपुरवठा तुटला तर पडदा निकामी होऊ शकतो. बॅटरी जुनी असेल तर हे काम आधी बॅटरी तपासूनच करावे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पाचशे रुपयांत मॅप टाकून देण्याचे आमिष मिळते, पण बहुतेक यंत्रांचे नकाशे त्या विशिष्ट यंत्राच्या किंवा गाडीच्या क्रमांकाला बांधलेले असतात, त्यामुळे नक्कल चालत नाही आणि हमीवर पाणी सोडावे लागते.

सात हजार रुपयांत मला काय मिळाले, हे सांगणे आवश्यक आहे, कारण ग्रामीण विदर्भातील वाचकाचा निर्णय त्यावरच व्हावा. समृद्धी महामार्ग पडद्यावर आला, त्याचे इंटरचेंज आले, मोठ्या शहरांच्या बाहेरून जाणारे वळणरस्ते आले. परंतु आमच्या गावाकडे वळणारा फाटा जुन्याच जागी राहिला, आणि नाल्यावरील जो रपटा चार वर्षांपूर्वी वाहून गेला व ज्याच्या जागी वरच्या बाजूला पूल झाला, तो रपटा नव्या नकाशातही तसाच होता. नकाशाच्या नावावर नवे वर्ष असले म्हणजे त्यातील प्रत्येक रस्ता त्या वर्षी पाहिलेला असतो असे नाही. कंपन्या महामार्ग आधी सुधारतात आणि गावरस्त्यांची पाळी उशिरा येते.

म्हणून मी आता पैसे देण्यापूर्वी पाच ठिकाणांची परीक्षा घ्यावी असे सांगतो. आपल्याला स्वतःला ठाऊक असलेली आणि गेल्या पाच वर्षांत बदललेली पाच ठिकाणे कागदावर लिहावीत: एखादा नवा पूल, बदललेला फाटा, गावाबाहेरून काढलेला रस्ता, नवे गावठाण, पक्की झालेली पांदण. ज्यांच्याकडे तशाच गाडीत नवी आवृत्ती आहे, त्यांच्या पडद्यावर ही पाच ठिकाणे पाहावीत. पाचांपैकी तीन बरोबर निघाली तर खर्च करण्यात अर्थ आहे. एकच निघाले तर पैसे खिशातच ठेवावेत आणि मोबाइलच्या नकाशावर काम भागवावे. जो चालक आठवड्यातून तीनदा नागपूर, पुणे, मुंबई करतो, त्याला गाडीतील नकाशाचा खर्च परवडतो. संत्री घेऊन वरूड-मोर्शीच्या बागांतून फिरणाऱ्या किंवा जिनिंगवर कापूस पोहोचवणाऱ्या गाडीला त्याचा फारसा लाभ नाही.

मोबाइलच्या नकाशाला पैसे लागत नाहीत, पण आपल्याकडे त्याची एक अडचण आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. मेळघाटात चिखलदऱ्याच्या पुढे किंवा गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला नेटवर्क कोठे जाईल सांगता येत नाही, म्हणून गूगल मॅप्समध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर टिचकी मारून ऑफलाइन नकाशे उघडावेत, आपल्या जिल्ह्यांवर चौकट ठेवावी आणि तो भाग उतरवून घ्यावा. हा उतरवलेला नकाशा मुदतीचा असतो. मुदत संपत आली की ॲप तो स्वतःहून नवा करण्याचा प्रयत्न करते, मात्र त्यासाठी ते वाय-फायची वाट पाहते. ज्या घरात वाय-फायच नाही, तेथे ही वाट पाहणे कधीच संपत नाही आणि ऐन रानात नकाशा संपलेला निघतो. यावर उपाय असा, की ऑफलाइन नकाशांच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटावरही उतरवण्याची परवानगी द्यावी, किंवा घरातील दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावून महिन्यातून एकदा हाताने अद्ययावत करावे. रोजच्या डेटा पॅकमध्ये रात्री उरलेला डेटा त्याला बहुधा पुरतो, म्हणजे वेगळा खर्च होत नाही. ऑफलाइन असताना वाहतुकीची ताजी स्थिती दिसत नाही, हे लक्षात असावे.

दुसरा नकाशाही जोडीला ठेवावा. मॅपमायइंडियाचे मॅपल्स हे ॲप भारतीय रस्त्यांसाठी बनवलेले आहे आणि विनामूल्य आहे. ऑरगॅनिक मॅप्स हे २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालते, संपूर्णपणे नेटवर्कशिवाय वापरता येते आणि त्यात आपल्या रानातल्या वाटा काही ठिकाणी आश्चर्य वाटावे इतक्या नीट आहेत. दोन नकाशांनी दोन रस्ते सांगितले, तर तेथे थांबून एखाद्या माणसाला विचारावे. विशेषतः पांदण रस्त्याबाबत कोणत्याही नकाशावर विसंबू नये; पडद्यावर ती डांबरी रस्त्यासारखीच रेघ दिसते, पण जुलैमध्ये काळ्या मातीत गाडीची चाके निम्मी रुतल्यावर ट्रॅक्टर बोलावण्याचा खर्च नकाशाच्या खर्चाहून लवकर जाणवतो. पर्लकोटा नदीला पूर येऊन गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटल्याचे अनेक पावसाळ्यांत घडले आहे आणि ते कोणत्याही अद्ययावतीकरणात येत नाही.

नावांची गोष्टही अद्ययावतीकरणातच मोडते. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. आपण ज्याला अजून सहा नंबर म्हणतो तो आता ५३ आहे आणि सात नंबर ४४ झाला आहे. जुन्या यंत्रात छत्रपती संभाजीनगर शोधून सापडत नसेल तर औरंगाबाद लिहून पाहावे, एवढ्यासाठी नकाशा विकत घेण्याची गरज नाही. कारंजा लिहिताना लाड की घाडगे हे तपासावे. एक वाशीम जिल्ह्यात, दुसरे वर्धा जिल्ह्यात, आणि दोन्हींत सरळ रेषेतच शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर तर एकाच अमरावती जिल्ह्यात आहेत. गोसेखुर्द प्रकल्पामुळे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील जी गावे उठली, त्यांची जुनी आणि नवी जागा दोन्ही एकाच नावाने दिसू शकते. अशा ठिकाणी जाताना तेथील शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे स्थान व्हॉट्सॲपवर मागवून घ्यावे, गावाचे नाव टाकू नये.

आपल्या गावाची चूक मात्र आपणच दुरुस्त करावी, कारण तिच्यासाठी कोणतीही कंपनी सर्वेक्षणाची गाडी लवकर पाठवणार नाही. गूगल मॅप्समध्ये रस्त्यावर किंवा ठिकाणावर बोट ठेवून बदल सुचवता येतो, ओपनस्ट्रीटमॅपमध्ये खाते उघडून थेट दुरुस्ती करता येते. मी आमच्या नव्या पुलाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला, पुलावर उभे राहून स्थान घेतले, आणि दुरुस्ती पाठवली. पहिली सूचना स्वीकारली गेली नाही, कारण मी पूल जोडला होता पण वाहून गेलेला रपटा बंद असल्याचे कळवले नव्हते. दुसऱ्या वेळी दोन्ही गोष्टी एकत्र पाठवल्यावर ती मान्य झाली. उन्हाळ्यात रस्त्यांची कामे होतात, म्हणून अशा दुरुस्त्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीची धांदल सुरू होण्याआधी, पाठवाव्यात आणि पावसात काय वाहून गेले ते दिवाळीच्या सुमारास पुन्हा पाहावे. आपला उतरवलेला नकाशाही त्याच दोन वेळी नक्की ताजा करावा.

मोबाइलवर नकाशा पाहणार असाल तर फोनसाठी स्टँड लावावा. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बदलानुसार गाडी चालवताना हातातील साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरता येते. मार्ग निघण्यापूर्वीच टाकावा. मध्ये बदलायचा झाला तर गाडी बाजूला घेऊन थांबावे, आणि समृद्धीवर हे काम केवळ विश्रांतीसाठी दिलेल्या जागेतच करावे.