हेडफोनमधली शिट्टी आणि गंजलेली पट्टी

गोव्यात दाबोळीला असताना पावसाळा म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांचा सुगीचा हंगाम! एका हेलिकॉप्टरच्या इंटरकॉममध्ये बारीक शिट्टी यायची, तीही इन्व्हर्टर (डीसीची एसी वीज करणारा डबा) चालू केल्यावरच. रेडिओचा डबा बदलून झाला, हेडसेटही बदलले. फरक शून्य. (डबे बदलत सुटायची सवय मला मुळीच पटत नाही.)

आवाज साधारण ४०० हर्ट्झचा, म्हणजे एसी पुरवठ्याचाच. तो ऑडिओत शिरतोय म्हणजे अर्थिंगमध्ये कुठेतरी घोळ, असं धरून मी रॅकच्या बाँडिंग पट्ट्यांकडे, म्हणजे उपकरणांचा रॅक हेलिकॉप्टरच्या धातूच्या सांगाड्याला विजेने जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांकडे, वळलो. मल्टिमीटर सगळीकडे शून्य दाखवत होता. पण इथे त्याच्यावर विसंबून चालत नाही, कारण प्रश्न मिलिओहमचा (ओहमच्या हजाराव्या भागाचा) असतो आणि तेवढा रोध त्याच्या वायरींमध्येच असतो. चार वायरींचा बाँडिंग मीटर आणला, त्यात वायरींचा रोध मोजमापात येत नाही. बाकीच्या पट्ट्या अडीच मिलिओहमच्या आत, एक मात्र कितीतरी पट वर.

ती पट्टी सोडवली तर तांब्याच्या पिळाला हिरवट बुरशीसारखा थर आणि खाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी. समुद्राची खारी हवा! ही भुकटी वीज वाहून नेत नाही. जागा चकचकीत होईपर्यंत घासली, पुसून अलोडाइन (ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणारं, पण वीज वाहू देणारं रसायन) लावलं, नवी पट्टी ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळली, पुन्हा मोजलं आणि मगच कडेने सीलंट फिरवलं. सीलंट आधी आत गेलं की सगळी मेहनत पाण्यात.

"चीफ, आता गाणी ऐकू येतील एवढं स्वच्छ आहे," पायलट साहेब इंजिन रननंतर म्हणाले. त्याच आठवड्यात बाकीच्या हेलिकॉप्टरांच्या पट्ट्याही सोडवून पाहिल्या.